यजमानांचा चौथा क्रमांक : घरच्या मैदानावर पदक थोडक्यात का हुकते?

ऑक्टोबर २०२४मध्ये भारताने २०३६च्या ऑलिंपिकसाठी इरादापत्र दिले आणि त्यानंतर वर्षभराने २०३०च्या राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धेचे यजमानपद अहमदाबादला मिळाले. तेव्हापासून विदर्भातल्या तालुक्यातालुक्यांत क्रीडाशिक्षक आणि जुने खेळाडू एक हिशेब मांडताना दिसतात. पॅरिसमध्ये भारताला ६ पदके मिळाली आणि ६ ठिकाणी भारतीय चौथे आले. हीच स्पर्धा आपल्या देशात, आपल्या माणसांसमोर झाली असती तर ते ६ चौथे क्रमांकही पदकांत जमा झाले असते, असा तो हिशेब आहे. ही आशा समजण्यासारखी आहे, परंतु यजमान देशांचा गेल्या पन्नास वर्षांचा इतिहास तिला सरळ दुजोरा देत नाही. यजमानपदामुळे पुष्कळ खेळाडू पदकाच्या जवळ जाऊन पोहोचतात, आणि त्याच कारणाने शेवटच्या पावलावर अडणाऱ्यांची संख्याही वाढते.

काही आकडे शेजारी-शेजारी ठेवले की हे स्पष्ट होते. १९७८च्या बँकॉक आशियाई स्पर्धेत भारताला ११ सुवर्ण, ११ रौप्य आणि ६ कांस्यपदके मिळाली होती. १९८२मध्ये दिल्लीत ती १३, १९ आणि २५ झाली. म्हणजे एकूण पदके २८वरून ५७वर गेली, पण सुवर्णात भर पडली ती फक्त दोनची. ऑस्ट्रेलियाने १९९६मध्ये अटलांटाला ९ रौप्यपदके जिंकली होती, २०००मध्ये घरी सिडनीत २५ जिंकली. फ्रान्स टोकियोत १० सुवर्ण आणि १२ रौप्यपदकांवर होता; पॅरिसमध्ये सुवर्णपदके १६ झाली आणि रौप्यपदके २६. घरच्या स्पर्धेत उंची सगळ्यांचीच वाढते, मात्र सर्वांत वरच्या पायरीवर ती दुसऱ्या पायरीपेक्षा कमी वाढते, असे या आकड्यांतून दिसते. दुसरा आलेला सुवर्णाला मुकतो आणि चौथा आलेला पदकालाच मुकतो. दोघांच्या बाबतीत कारणे बरीचशी सारखी आहेत, फरक एवढाच की चौथ्याची नोंद पदकतालिकेत कुठेच होत नाही.

फार जुन्या काळात हा प्रश्न आजच्या रूपात नव्हता. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीच्या एका व्यायाम मंडळाचे पथक देशी खेळांची प्रात्यक्षिके दाखवायला जर्मनीत गेले होते, ही गोष्ट वऱ्हाडात आजही अभिमानाने सांगितली जाते. पण तिथे पदकाचा संबंध नव्हता. १९५१मध्ये दिल्लीला पहिली आशियाई स्पर्धा झाली तेव्हा ११ देश आले होते, आणि भारत १५ सुवर्णांसह ५१ पदके घेऊन जपानच्या मागे दुसरा राहिला. तीनच वर्षांनी मनिलात ही पदके १७वर उतरली. घर सोडल्यावर किती उरते, याचा तो पहिला धडा होता. त्याकडे त्या वेळी कोणी फारसे लक्ष दिले नाही.

या विषयातले सर्वांत वादग्रस्त प्रकरण मात्र १९७६च्या माँट्रियलचे आहे, आणि त्याच्याकडे थोडे सविस्तर पाहायला हवे. उन्हाळी ऑलिंपिक भरवून एकही सुवर्णपदक न मिळवलेला देश असा एकच आहे, तो म्हणजे कॅनडा. ५ रौप्य आणि ६ कांस्य, एकूण ११ पदके, असा त्या यजमानांचा हिशेब राहिला. यजमान असून कमी पडलेल्या देशाचे उदाहरण द्यायचे झाले की आजही सर्वांत आधी हेच दिले जाते, आणि त्यातून कॅनडाच्या खेळाडूंना घरच्या प्रेक्षकांचे दडपण पेलले नाही असा निष्कर्ष सहज काढला जातो. हा निष्कर्ष अन्यायाचा आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

कारण ही ११ पदके कोणत्या खेळांतली होती, ते कोणी सांगत नाही. त्यांपैकी ७ महिलांच्या जलतरणातली होती. सहाच्या सहा कांस्यपदके तिथलीच, शिवाय ४०० मीटर वैयक्तिक मिश्र शर्यतीतले एक रौप्य. ही सात पदके ज्या सहा शर्यतींत मिळाली, त्या सर्वांत कॅनडाच्या मुलींच्या पुढे पूर्व जर्मनीची किमान एक जलतरणपटू किंवा रिले चमू होता. १०० आणि २०० मीटर बॅकस्ट्रोक या दोन्ही शर्यतींत हॅलिफॅक्सची एक १४ वर्षांची मुलगी तिसरी आली. तिने आदल्याच वर्षी २०० मीटरमध्ये जागतिक विक्रम केला होता, आणि माँट्रियलमध्ये दोन्ही वेळा तिच्या पुढच्या दोन्ही जागा पूर्व जर्मनीने घेतल्या. त्या स्पर्धेत महिलांच्या जलतरणातील १३ सुवर्णपदकांपैकी ११ पूर्व जर्मनीला मिळाली. चार वर्षांपूर्वी म्युनिकमध्ये त्याच देशाच्या महिलांना जलतरणात एकही सुवर्ण मिळाले नव्हते.

ही झेप कशी घेतली गेली, ते बर्लिनची भिंत पडल्यानंतर बाहेर आलेल्या कागदपत्रांतून जगाला कळले. १९७४पासून तिथे शासनाच्याच योजनेने खेळाडूंना पुरुषी संप्रेरकांसारखी औषधे दिली जात होती. त्यांत अल्पवयीन मुली होत्या, आणि आपल्याला काय दिले जात आहे हे त्यांच्यापैकी अनेकींना माहीत नव्हते. स्टेरॉइडची तपासणी ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा माँट्रियललाच झाली, परंतु गोळ्या स्पर्धेपूर्वी नेमक्या किती दिवस आधी बंद करायच्या याचे गणित त्या यंत्रणेने बसवलेले होते. २०००मध्ये बर्लिनच्या न्यायालयाने या योजनेच्या प्रमुख सूत्रधारांना दोषी ठरवले. त्याच सुमारास, १९९०च्या दशकाच्या अखेरीस, जुन्या निकालांची फेरतपासणी करून पदके पुन्हा वाटावीत अशी मागणी काही देशांनी केली, आणि ती फेटाळली गेली.

फेटाळण्याच्या बाजूने जे मुद्दे मांडले जातात ते क्षुल्लक नाहीत. त्या वेळच्या तपासणीत कोणीही दोषी आढळली नव्हती. जुने नमुने हाताशी नव्हते. कोणत्या मुलीला कोणत्या महिन्यात किती औषध दिले गेले, हे प्रत्येकीपुरते वेगळे सिद्ध करावे लागले असते. त्या मुली स्वतःच त्या योजनेच्या बळी होत्या आणि त्यांच्यातल्या कितीतरींनी पुढे आयुष्यभर शरीराचे हाल सोसले, हे विसरता येत नाही. शिवाय एका देशाची एका स्पर्धेतील पदके काढली, तर इतर देशांच्या आणि इतर वर्षांच्या संशयित निकालांचे काय करायचे, हा प्रश्नही उभा राहिला असता.

हे सगळे मान्य करूनही मनात सल राहतो. पुढे हाच न्याय वेगळ्या पद्धतीने झालेला आपण पाहिला आहे. २००८ आणि २०१२च्या ऑलिंपिकमधील नमुने साठवून ठेवले गेले, ते वर्षांनंतर नव्या तंत्राने पुन्हा तपासले गेले, आणि वेटलिफ्टिंगपासून ॲथलेटिक्सपर्यंत अनेक पदके हलली. लंडनच्या पुरुषांच्या उंच उडीतील सुवर्णपदक तर रशियातील डोपिंगच्या चौकशीतल्या कागदोपत्री पुराव्यावरून काढून घेतले गेले आणि यजमान ब्रिटनच्या कांस्यविजेत्याला काही वर्षांनी रौप्य मिळाले. म्हणजे यजमान देशाच्या एका खेळाडूला उशिरा का होईना न्याय मिळाला. दुसऱ्या यजमान देशाच्या मुलींना तो मिळाला नाही. पूर्व जर्मनीचे निकाल बाजूला ठेवले तर दोन्ही बॅकस्ट्रोक शर्यती आणि ४०० मीटर मिश्र शर्यत, अशा तीन ठिकाणी कॅनडाची मुलगी पहिली येते. पदके परत वाटणे अवघड होते असे मानले, तरी अधिकृत निकालाखाली एक टीप जोडणे अवघड नव्हते. ती न जोडल्यामुळे ‘सुवर्णाविना राहिलेला एकमेव यजमान’ हा शिक्का ज्यांच्या माथी बसला, त्यांची चूक एवढीच होती की त्या प्रामाणिकपणे पोहल्या. घरच्या मैदानावर थोडक्यात हुकलेल्या प्रत्येक पदकाची चर्चा करताना, हुकले की हिरावले गेले, हे आधी पाहिले पाहिजे.

कॅनडाच्या बाबतीत एवढ्यावर मात्र थांबता येत नाही, कारण १९८८मध्ये कॅल्गरीत हिवाळी ऑलिंपिक भरवूनही त्यांना सुवर्ण मिळाले नाही. २ रौप्य आणि ३ कांस्यच मिळाली. तिथे पूर्व जर्मनीच्या जलतरणपटूंचे कारण देता येत नाही. तिथे दुसरे कारण होते, आणि ते पुढे येईल.

त्याआधी निकाल कोण देतो, हा मुद्दा. ज्या खेळांत पंच गुण देतात, उदाहरणार्थ जिम्नॅस्टिक्स किंवा मुष्टियुद्ध, तिथे यजमानांचा फायदा ठळक दिसतो. जिथे घड्याळ, फीत किंवा वजन निकाल देते तिथे तो फारच थोडा उरतो, असे ऑलिंपिकच्या जुन्या निकालांच्या अभ्यासांतून पुढे आले आहे. १९८८मध्ये सोलला मुष्टियुद्धाच्या लाइट मिडलवेट गटाची अंतिम लढत यजमान कोरियाच्या मुष्टियोद्ध्याला बहाल केली गेली, तेव्हा त्या निर्णयावर इतका गदारोळ झाला की पुढे गुण मोजण्याची पद्धतच बदलावी लागली. प्रेक्षकांच्या आरोळ्या पंचाच्या कानावर पडतात. घड्याळाला कान नसतात. म्हणून धावणे, पोहणे, भारोत्तोलन अशा खेळांत यजमान देशाचा खेळाडू स्वतःच्या सर्वोत्तम कामगिरीपर्यंत पोहोचतो, पण समोरच्याची सर्वोत्तम कामगिरी त्याहून चांगली असेल तर घरचे मैदान त्याला काहीच देऊ शकत नाही.

१९८२च्या दिल्लीकडे या नजरेने पाहायला हवे, कारण आपल्याकडची ती पहिली मोठी, रंगीत चित्रवाणीवर पाहिलेली स्पर्धा होती आणि यजमानपदाबद्दलच्या आपल्या बहुतेक कल्पना तिथूनच आल्या आहेत. त्या स्पर्धेत भारताच्या १३ सुवर्णांपैकी ३ घोडेस्वारीची, २ गोल्फची आणि १ महिला हॉकीचे होते. हे तिन्ही प्रकार आशियाई स्पर्धेत त्या वर्षी पहिल्यांदाच आले होते. ही सहा बाजूला काढली तर जुन्या प्रकारांतली सुवर्णपदके ७ उरतात, म्हणजे बँकॉकच्या ११पेक्षाही कमी. त्याच वर्षी चीनने ६१ सुवर्णांसह जपानला पहिल्यांदाच मागे टाकले. आपण पुढे सरकत होतो त्याच काळात आशियाची वरची रेषा आपल्यापेक्षा वेगाने वर चढत होती, हे आपल्या पदकतालिकेतून लगेच उमगत नाही.

घड्याळावर मोजल्या जाणाऱ्या खेळांत त्या स्पर्धेची आठवण म्हणजे केरळची १८ वर्षांची धावपटू. १०० आणि २०० मीटर, दोन्हींत तिला रौप्य मिळाले. एकात फिलिपिन्सची आणि दुसऱ्यात जपानची धावपटू पुढे राहिली. घरच्या मैदानावरच्या त्या दोन रौप्यपदकांनंतर दोनच वर्षांनी लॉस एंजेलिसमध्ये ४०० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिची वेळ ५५.४२ सेकंद आली आणि कांस्यविजेतीची ५५.४१. सेकंदाच्या शंभराव्या भागाने हुकलेले हे पदक आपल्या सगळ्यांना तोंडपाठ आहे. पण दिल्लीतील दोन रौप्यपदके आणि हा चौथा क्रमांक ही एकाच वाटेवरची ठिकाणे आहेत, असे आपण क्वचितच बोलतो. १९८६मध्ये सोलला त्याच धावपटूने ४ सुवर्णपदके जिंकली, तेव्हा भारताची एकूण सुवर्णपदके ५ होती. यजमानपदाचे फळ यजमानपद संपल्यावर चार वर्षांनी, परक्या मैदानावर आले, आणि तेही जवळजवळ एकाच व्यक्तीच्या रूपाने.

दडपणाचा भाग अगदीच खोटा आहे असे नाही. १९८२च्या पुरुष हॉकीच्या अंतिम सामन्यात भारत पाकिस्तानकडून १–७ असा हरला आणि २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेच्या अंतिम सामन्यात ऑस्ट्रेलियाकडून ०–८. दोन्ही सामने दिल्लीत, भरल्या मैदानात झाले. १९८२च्या पराभवानंतर गोलरक्षकावर देशाशी बेइमानी केल्याचा आळ घेतला गेला आणि त्याला कित्येक वर्षे तो वाहावा लागला. रौप्यपदक विजेत्या संघातील खेळाडूला आपल्याच लोकांनी अशी वागणूक द्यावी, हे आपल्या क्रीडा इतिहासातील अत्यंत दुःखद पान आहे. यजमान देशाचा खेळाडू हरण्याला भितो, कारण हरल्यानंतर त्याला विमानतळावरून दूर कुठे जायचे नसते. तो त्याच लोकांत राहणार असतो.

२०१०च्या आकड्यांनी आपला समज आणखी पक्का केला. मेलबर्नची २२ सुवर्णपदके दिल्लीत ३८ झाली, एकूण पदके ५०वरून १०१ झाली, आणि इंग्लंडला एका सुवर्णाने मागे टाकून भारत दुसरा आला. महिलांच्या थाळीफेकीत तिन्ही पदके भारताने घेतली, हा ॲथलेटिक्समधील खरोखरचा ऐतिहासिक क्षण होता. परंतु कुस्तीची १०, तिरंदाजीची ३ आणि टेनिसचे १ अशी १४ सुवर्णपदके ज्या खेळांतून आली, ते तिन्ही खेळ मेलबर्नच्या यादीत नव्हते. ती वजा केली तर २४ उरतात. मेलबर्नच्या २२शी तुलना करायची तर ती या २४ची करायला हवी. चार वर्षांनी ग्लासगोत भारताची सुवर्णपदके १५ झाली आणि रौप्यपदके ३०, म्हणजे रौप्य दिल्लीतल्या २७पेक्षाही वाढली. पहिल्या क्रमांकाचे दुसऱ्यात रूपांतर व्हायला चारच वर्षे लागली.

खेळांची यादी ठरवण्याचा अधिकार हे यजमानांचे सर्वांत मोठे बळ आहे, प्रेक्षकांपेक्षाही मोठे. टोकियोत जपानने २७ सुवर्णपदके मिळवली. त्यांपैकी ३ स्केटबोर्डिंगची, १ कराटेचे आणि बेसबॉल व सॉफ्टबॉलचे प्रत्येकी १ होते, आणि हे चारही खेळ यजमानांच्या प्रस्तावावरून त्या वर्षी समाविष्ट झाले होते. उलट बाजूही आपण अनुभवली आहे : गोल्ड कोस्टला २०१८मध्ये भारताच्या २६ सुवर्णांपैकी ७ नेमबाजीची होती आणि २०२२मध्ये बर्मिंगहॅमने नेमबाजीच वगळली. म्हणून यजमान देशाच्या यशाचे श्रेय देताना, आणि अपयशाचा दोष देताना, यादी कोणी केली हे प्रथम विचारावे लागते.

आता कॅल्गरीच्या वेळी सांगायचे राहिलेले कारण. मोठ्या स्पर्धेचे यजमानपद साधारणपणे सात वर्षे आधी जाहीर होत आले आहे. सात वर्षांत मैदाने उभी राहतात, परदेशी प्रशिक्षक येतात आणि आधीपासून चांगला असलेला खेळाडू अंतिम फेरीपर्यंत पोहोचतो. पदक जिंकणारा खेळाडू घडवायला त्याहून अधिक काळ लागतो, कारण तो दहा-बारा वर्षांच्या वयात कोणाच्या तरी नजरेस पडावा लागतो. ब्रिटनला लंडनमध्ये २९ सुवर्णपदके मिळाली ती २००५मध्ये यजमानपद मिळाले म्हणून, असे सांगितले जाते. प्रत्यक्षात १९९६मध्ये अटलांटाला त्यांना फक्त १ सुवर्ण मिळाले, त्या नामुष्कीनंतर १९९७पासून लॉटरीचा पैसा खेळाडूंवर नियमित खर्च होऊ लागला, आणि २००८मध्ये बीजिंगलाच त्यांची सुवर्णपदके १९ झाली होती. लंडनचे यश १५ वर्षांचे आहे. स्पेनने १९८८मध्ये ४ पदके मिळवली होती, १९९२मध्ये बार्सिलोनात २२, आणि त्यांत १३ सुवर्ण. तिथे खासगी कंपन्यांच्या पैशातून खेळाडूंना थेट शिष्यवृत्ती देण्याची योजना उभी राहिली होती आणि शिडाच्या नौकांच्या शर्यतींसारख्या मोजक्या खेळांवर भर होता. एकट्या शिडाच्या नौकांनी ४ सुवर्णपदके दिली.

कॅनडानेही अखेर हेच केले. व्हँकुव्हरच्या २०१०च्या हिवाळी स्पर्धेसाठी त्यांनी पदकाच्या अगदी जवळ असलेल्या खेळाडूंवर पैसा केंद्रित केला. २००६मध्ये त्यांना ७ सुवर्णांसह २४ पदके मिळाली होती. २०१०मध्ये एकूण २६च झाली, पण सुवर्ण १४. वर पाहिलेल्या इतर यजमानांच्या उलट, इथे संख्या जवळपास तेवढीच राहिली आणि रंग बदलला. या धोरणावर टीकाही खूप झाली. परदेशी खेळाडूंना तिथल्या घसरमार्गांवर सरावाची संधी फारच मोजकी दिली गेली, हे पाहुणचाराला शोभणारे नव्हते, आणि ती टीका रास्त होती.

याच्या दुसऱ्या टोकाला यजमान कोटा आहे. यजमान देशाला अनेक खेळांत पात्रता फेरीशिवाय प्रवेश मिळतो. लंडनमध्ये ब्रिटनचे ५४१ खेळाडू उतरले, बीजिंगमध्ये ते तीनशेच्या थोडे वर होते. दार उघडल्यामुळे जे आत आले त्यांतले बहुतेक पदकाच्या आसपासही नव्हते. काहींनी मात्र जिवाच्या आकांताने आठवा, सहावा, चौथा क्रमांक गाठला. त्यांचे पुढे काय झाले? स्पर्धा संपल्यावर त्याच वर्षाच्या अखेरीस हँडबॉलसारख्या खेळांचा निधी पूर्ण बंद झाला, कारण तिथे पदकाची शक्यता दिसत नव्हती. घरच्या स्पर्धेपुरते बोलावून नंतर दार बंद करणे, ही यजमानपदाची सर्वांत कमी चर्चिलेली बाजू आहे, आणि अहमदाबादच्या निमित्ताने आपल्याला सर्वांत जास्त काळजी वाटायला हवी ती हिचीच.

विदर्भाच्या खेड्यांत ही काळजी अगदी प्रत्यक्ष आहे. इथे पहाटे पांदणीवर आणि डांबरी रस्त्याच्या कडेने जी पोरे-पोरी धावताना दिसतात, त्यांतली बहुतेक भरतीची तयारी करत असतात. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावे लागते, शिवाय १०० मीटर आणि गोळाफेक. यवतमाळ, वाशीम किंवा गडचिरोलीच्या तालुक्यांत या धावण्यातून इतकी चांगली मुले दरवर्षी तयार होतात की त्यांतल्या काहींना वेळेत हेरले गेले असते तर ती मध्यम पल्ल्याची धावपटू झाली असती, असे म्हणायला जागा आहे. मात्र ती मैदानावर येतात अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, आणि भरती झाल्यावर धावणे सुटते. त्याआधीची शालेय स्पर्धांची तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य ही साखळी ऑगस्टनंतर सुरू होते आणि तिचा मोठा भाग नेमका सोयाबीनच्या सोंगणीच्या आणि कापूस वेचणीच्या दिवसांत येतो. घरात हात कमी असले की तालुक्याला जिंकलेली मुलगी जिल्ह्याला जात नाही, आणि तिच्या जागी कोणी विचारणा करत नाही.

त्यात मोजणीचा प्रश्न आहे. तालुक्याच्या मुरमाच्या मैदानावर चुन्याने आखलेल्या मार्गिकांत शर्यत होते आणि शिक्षक हातातल्या घड्याळाने वेळ घेतात. हाताने घेतलेल्या वेळेत आणि विद्युत घड्याळाच्या वेळेत कमी पल्ल्याच्या शर्यतींसाठी ०.२४ सेकंदाचा फरक धरण्याची रूढ पद्धत आहे. १९६०च्या रोममध्ये ४०० मीटरमध्ये चौथ्या आलेल्या भारतीय धावपटूची वेळ हाताच्या घड्याळात ४५.६ आणि विद्युत घड्याळात ४५.७३ होती. ज्या मैदानावर पाव सेकंदाची खात्री देता येत नाही, तिथे तिसरा कोण आणि चौथा कोण हे डोळ्यांनी ठरते. आणि त्या ठरण्यावर पुढचे बरेच काही अवलंबून असते, कारण शासकीय नोकरीतील खेळाडूंच्या ५ टक्के आरक्षणासाठी पहिल्या तीन क्रमांकांची प्रमाणपत्रे ग्राह्य धरण्याची रीत आहे. राज्य स्पर्धेत चौथ्या आलेल्या मुलाच्या हाती घरी जाताना सहभागाचा कागद तेवढा असतो. ऑलिंपिकमधील चौथ्या क्रमांकाबद्दल आपण हळहळतो, पण जिल्ह्यातल्या चौथ्याला खेळ सोडायला लावणारी व्यवस्था आपल्याच इथली आहे.

२०३०च्या संघात जे असतील ते आजच राज्य आणि राष्ट्रीय पातळीवर खेळत असणार. त्यांच्यासाठी सात वर्षांचाही अवधी उरलेला नाही. २०३६ची स्पर्धा भारताला मिळो वा न मिळो, त्या वर्षी एकवीस-बावीस वर्षांचे असणारे खेळाडू आज जिल्हा परिषदेच्या शाळांत सहावीच्या आसपास आहेत. त्यांच्यासाठी पहिली दोन कामे मोठ्या निधीची नाहीत. तालुका स्पर्धेत पहिल्या तिघांऐवजी पहिल्या आठ जणांची नावे, वये आणि वेळा निकालपत्रकावर लिहून जिल्ह्याला पाठवता येतात. आणि वेचणीच्या हंगामातल्या तारखा महिनाभर पुढे-मागे करता येतात. ही दोन्ही कामे जिल्ह्याच्या पातळीवर, याच शैक्षणिक वर्षात होऊ शकतात.